‘पर्यंत’च्या पोटातला ‘बाय’: टॉवेल कारखान्यातल्या पाच मेलचं प्रकरण

सोलापुरात ‘बाय’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कुठल्याही कारखान्यात जा, ‘३० बाय ६० चा माल कुठंय?’, ‘१६ बाय २७ चे गठ्ठे आधी चढवा’ हे चालूच असतं. सातवीनंतर इंग्रजीचं पुस्तक न उघडलेला कामगारही ‘१० बाय १० ची खोली’ म्हणतो. शाळेतली पोरं पाऊण हा अपूर्णांक ‘थ्री बाय फोर’ असाच वाचतात. विलायतेत त्याला ‘थ्री क्वार्टर्स’ म्हणतात हे त्यांना कुणी सांगत नाही आणि सांगून काही फरकही पडत नाही. सीमा ओलांडून कर्नाटकात गेलं की हॉटेलात ‘बाय टू’ म्हणायचा अवकाश, एक कॉफी दोन कपांत येते.

एवढा घरचा झालेला शब्द. आणि ह्याच शब्दानं पूर्व भागातल्या एका मालकांना फेब्रुवारीचा अख्खा महिना पळवलं. ते कसं झालं, चूक नेमकी कुठं होती आणि ती कुणाची होती, ह्याची ही नोंद. कारखान्याचं आणि माणसांचं नाव देत नाही. मेल मात्र मी स्वतः, छापून घेतलेले, पेन्सिल हातात धरून वाचले आहेत.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. कारखाना बेताचा. ऑर्डर दुबईतल्या एका हॉटेल-पुरवठादाराची: ५०० डझन, म्हणजे ६,००० पांढरे टॉवेल, ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन ४५० ग्रॅम), निम्मे निम्मे अशा दोन लॉटमध्ये. आधी मेल लिहायचं काम अण्णांचा भाचा करायचा. तो पुण्याला नोकरीला गेला (सोलापुरातली मेल लिहू शकणारी पोरं पुण्यालाच जातात, हा वेगळा विषय) आणि काम आलं ऑफिसातल्या मुलीकडे. बी. कॉम. झालेली, हिशेबात पक्की, टायपिंग झकास. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कागदावर इंग्रजी. मी इंग्रजीचा मास्तर, नववी-दहावीत ती माझ्याकडे शिकायला होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

पहिला मेल

५ फेब्रुवारीला तिकडून विचारणा आली: पहिला लॉट कधी? अण्णा म्हणाले, ‘लिही, २० तारखेपर्यंत तयार होईल.’ तिनं लिहिलं: ‘द गुड्स विल बी रेडी अंटिल २० फेब्रुवारी.’

११ तारखेला सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईहून एक तपासनीस उतरला आणि रिक्षा करून थेट कारखान्यात आला. निम्मे टॉवेल मागावर, काही ब्लीचिंगला गेलेले, शिलाईला एकही आलेला नव्हता. त्यानं फोनवर मेल दाखवला. त्याच्या लेखी वाक्य स्पष्ट होतं: माल तयार आहे, २० तारखेपर्यंत तो तयार स्थितीत मिळेल, नंतरचं सांगता येत नाही. म्हणून तर तो घाईनं आला होता. त्याचं जाणं-येणं, लॉजचं भाडं आणि तपासणीची फी अण्णांच्या नावावर लागली.

ही चूक वर्गात मी हजार वेळा तपासली असेल. वहीत ‘अंटिल’वर काट मारायची, वर ‘बाय’ लिहायचं, पुढची वही. पण ती का होते, हे अण्णांच्या टेबलाशी बसून पहिल्यांदा नीट पाहिलं.

मराठीत दोन वाक्यं घ्या. ‘माल २० पर्यंत तयार होईल.’ ‘माल २० पर्यंत तयार राहील.’ दोन्हीकडे ‘पर्यंत’ आहे आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण काम क्रियापदानं केलेलं आहे. ‘होईल’ म्हणजे एकदा घडणारी गोष्ट, ‘राहील’ म्हणजे चालू असणारी. आता इंग्रजीत जा. तिथं ‘होईल’ आणि ‘राहील’ दोन्हींना ‘विल बी’ पुरतं. क्रियापदानं हात वर केले की भार कुणावर पडणार? त्या छोट्या शब्दावर. ‘बाय २०’ म्हटलं तर होईल, ‘अंटिल २०’ म्हटलं तर राहील. म्हणजे आपण जो फरक वाक्याच्या शेवटी ठेवतो, तो इंग्रज तारखेच्या आधी ठेवतो. मुलीनं ‘पर्यंत’चं भाषांतर केलं, करायला हवं होतं ‘होईल’चं.

पुढं चौथ्या मेलनंतर मला बोलावणं आलं, तेव्हा हे मी तिला असं सांगितलं नाही. तिला म्हटलं, ‘‘पर्यंत’ काढ आणि ‘च्या आत’ घालून बघ. वाक्य टिकलं तर ‘बाय’.’ ‘माल २० च्या आत तयार होईल’ टिकतं. ‘माल २० च्या आत तयार राहील’ म्हटल्यावर कानाला खटकतं. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, ‘सर, आज्जी असंच बोलते की. तेलुगूत ‘लोपु’ वेगळं आणि ‘वरकु’ वेगळं.’

मी खुर्चीत सरळ झालो. खरंच आहे. सोमवारच्या आत असेल तर ‘सोमवारम् लोपु’, सोमवारपर्यंत चालू असेल तर ‘सोमवारम् वरकु’. म्हणजे जो फरक मी तीस वर्षं फळ्यावर दोन बाण काढून समजावत होतो, तो माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात रोज जेवताना बोलला जात होता. मला तेलुगू भाजीपुरतं येतं, त्यामुळं कधी डोक्यात आलं नाही.

दुसरा मेल

तपासनीस परत गेल्यावर अण्णांनी भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, ‘अंटिल चुकलं, बाय पाहिजे होतं.’ नियम एवढाच पोचला. १३ तारखेच्या मेलमध्ये मुलीनं ‘अंटिल’ला हातच लावला नाही. तिला लिहायचं होतं, पहिला लॉट आम्ही १० मार्चपर्यंत आमच्या गोडाउनमध्ये ठेवू. तिनं लिहिलं: ‘वी विल कीप द गुड्स इन आवर गोडाउन बाय १० मार्च.’ ह्या वाक्यानं फार नुकसान झालं नाही. वाचणारा गोंधळला आणि पुढं गेला.

नुकसान खालच्या ओळीनं केलं. अण्णांचे शब्द होते, ‘दुसरा लॉट १५ मार्चपर्यंत होणार नाही.’ मेल गेला: ‘द सेकंड लॉट विल नॉट बी रेडी बाय १५ मार्च.’

व्याकरणाची चूक एकही नाही. परीक्षेत पूर्ण गुण. तरी दुबईहून दहा मिनिटांत फोन आला, आवाज चढलेला. कारण ह्या वाक्याचा अर्थ होतो: १५ तारीख येईल, जाईल आणि माल तेव्हाही तयार नसेल, कधी होईल ते देव जाणे. अण्णांच्या मनात होतं ते निराळं: १५ च्या आधी मागू नका, १५ ला देतो. त्याला इंग्रजी म्हणते ‘विल नॉट बी रेडी अंटिल १५ मार्च’. नकार आला की ‘अंटिल’ वचन देतो आणि ‘बाय’ हात झटकतो. होकारात ह्याच्या बरोबर उलटं वाटतं, म्हणून भल्याभल्यांची इथं फसगत होते.

आणि इथं मराठीही साथ सोडते. ‘१५ पर्यंत होणार नाही’ हे वाक्य आपल्याकडेही दोन्ही अर्थांनी चालतं. आपण आवाजावरून, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. मी अण्णांना विचारलं, ‘तुम्ही नक्की काय म्हणाला होता?’ अण्णा म्हणाले, ‘१५ ला देतो म्हनलं की ओ सर. आनि काय म्हनणार?’ मुलगी म्हणाली, ‘मला वाटलं १५ नंतर बघू म्हणालात.’ दोघांचंही मराठी शुद्ध होतं. नकारातलं ‘पर्यंत’ इंग्रजीत न्यायच्या आधी मराठीतच फोडून घ्यावं लागतं: त्या दिवशी मिळणार की त्या दिवशीही मिळणार नाही? व्यवहारात तर मी म्हणेन, नकाराचं वाक्य लिहूच नका. ‘रेडी ऑन १५ मार्च’ लिहा आणि झोपा.

ह्याच घरातला आणखी एक प्रकार. ‘तुम्ही येईपर्यंत आम्ही थांबतो’ आणि ‘तुम्ही येईपर्यंत आम्ही माल बांधून ठेवतो’. पहिलं ‘अंटिल यू कम’. दुसरं ‘बाय द टाइम यू कम’. ‘बाय’च्या पाठीमागं तारीख, वार, वेळ चालते, पण अख्खं वाक्य जोडायचं असेल तर मध्ये ‘द टाइम’ लागतोच. ‘बाय यू कम’ असं होत नाही. आणि ‘बाय’ आला की इंग्रज पुष्कळदा क्रियापदही पूर्ण करून टाकतो, ‘वी विल हॅव पॅक्ड’, आपल्या ‘बांधून ठेवलेला असेल’सारखं. ‘बांधून ठेवणे’ ह्या जोडक्रियापदात जी पूर्णता आहे ती पकडली की हा काळ पाठ करावा लागत नाही.

‘बाय १५’ मध्ये १५ धरायची की नाही, हे अण्णांनी विचारलं. रोजच्या बोलण्यात धरतात. पण जिथं पैसा अडकतो तिथं लोक ‘बाय’वर विसंबत नाहीत; करारात ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात. बँकेच्या एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल विकणाऱ्याला बँकेनं दिलेली पैशाची लेखी हमी) चालणाऱ्या व्यवहारांना १ जुलै २००७ पासून यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, त्यातलं तिसरं कलम ह्या कामी मजेदार आहे. रवानगीची मुदत सांगताना ‘टू’, ‘अंटिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’, ‘बिट्वीन’ आले तर ती तारीख धरायची. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ आले तर सोडायची. ‘ऑन ऑर अबाउट’ म्हटलं तर आधीचे ५ आणि नंतरचे ५ दिवस. ह्या यादीत आपला ‘बाय’ नाही. एलसीवर सरळ ‘लेटेस्ट डेट ऑफ शिपमेंट’ असा रकाना असतो. बँकवाले शहाणे.

तारखेला वेळ जोडली तर आणखी एक काळजी: दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. ‘बाय ५’ म्हणजे कुणाचे ५, तेही लिहावं.

तिसरा मेल

हा थोडक्यात. दुसऱ्या लॉटसाठी गिऱ्हाइकानं जीएसएम २० नं वाढवायला सांगितलं, ४५० चा ४७०. अण्णांनी होकार दिला. पण मुलगी आता ‘बाय’ला घाबरली होती, दुधानं तोंड पोळलेलं. १८ तारखेला तिनं लिहिलं: ‘वी हॅव इन्क्रीज्ड द जीएसएम टू २०.’

२० जीएसएम! वर्तमानपत्राचा कागदसुद्धा साधारण ४५ चा असतो. तिकडचा माणूस हसला असावा, कारण उत्तरात नुसतं प्रश्नचिन्ह आलं. ‘२० नं वाढलं’ आणि ‘४७० वर गेलं’ हा फरक मराठी अगदी लख्ख दाखवते. ‘नं’ असेल तर ‘बाय’, ‘वर’ किंवा ‘पर्यंत’ असेल तर ‘टू’. इथं चूक भाषेनं केली नाही, भीतीनं केली. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे सुमारे १.१६ चौरस मीटर कापड. २० जीएसएम वाढले की नगामागं २३ ग्रॅम, डझनाला २८० ग्रॅमच्या आसपास आणि ३,००० नगांना जवळजवळ ७० किलो. भाव ठरवताना हे ७० किलो कुणाच्या खिशातून जाणार ते त्या एका शब्दावर ठरतं.

भावावरून आठवलं. गिऱ्हाइकानं एकदा विचारलं होतं, माल नगावर विकता की वजनावर. आपण म्हणतो ‘किलोवर’, ‘डझनावर’, ‘तासावर’, आणि मग ‘ऑन किलो’ लिहून बसतो. इंग्रजीत ‘बाय द किलो’, ‘बाय द डझन’, ‘बाय द अवर’, आणि तो ‘द’ विसरायचा नाही. पण नुसतं वजन म्हटलं तर ‘बाय वेट’, तिथं ‘द’ नाही. कामगारांची मजुरी नगावर असते ती ‘बाय द पीस’.

चौथा मेल

मला ज्यामुळं बोलावणं आलं तो हा.

आगाऊ रक्कम गिऱ्हाइकाच्या मुंबईतल्या एजंटकडून यायची होती. २२ तारखेला ती आली, अण्णांच्या खात्यात जमा झाली. अण्णा म्हणाले, ‘एजंटकडून ॲडव्हान्स मिळाला म्हणून कळवून टाक.’ मुलीनं कळवलं: ‘ॲडव्हान्स रिसीव्ह्ड बाय युवर एजंट.’

दुबईत ह्याचा अर्थ लागला: पैसे तुमच्या एजंटला मिळाले. म्हणजे एजंटनं ते पुढं पाठवलेच नाहीत, स्वतःकडं ठेवले आणि वर सोलापूरवाले त्याची तक्रार करतायत. तिथून एजंटला फोन. एजंटनं बँकेची पावती काढून दाखवली आणि मग त्याचा अण्णांना फोन. जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी त्या माणसाबरोबर पंधरा वर्षं धंदा केलेला. संध्याकाळी अण्णांचा निरोप आला, ‘सर, जरा येऊन जावा.’

मी गेलो तेव्हा मुलगी कॉम्प्युटरसमोर रडून डोळे पुसत बसली होती. अण्णा बाहेर येरझाऱ्या घालत होते. मला बघून म्हणाले, ‘काय करूलाल्यात बघा तुमची पोरं. एवढं शिकून.’ तुमची पोरं, हे बरोबर वर्मी लागलं.

मी तिला विचारलं, ‘अगं, ‘बाय’ का लिहिलंस?’

ती म्हणाली, ‘सर, ‘कडून’ म्हणजे ‘बाय’. तुम्हीच शिकवलंय.’

आणि मला माझाच फळा दिसला. नववी, प्रयोग बदला. ‘राम किल्ड रावण.’ ‘रावण वॉज किल्ड बाय राम.’ खाली मराठीत: रामाकडून रावण मारला गेला. असं मराठी कुणी बोलत नाही, बोलणारा सरळ ‘रामानं रावणाला मारलं’ म्हणतो. पण कर्मणी शिकवायला सोयीचं म्हणून आम्ही मास्तरांनी एक ‘कडून’ तयार केला आणि त्याच्यावर ‘बाय’चं लेबल चिकटवलं. आठवड्याला तीस वाक्यं घोटून घेतली. पुढं पोरगी मोठी होऊन धंद्यात गेली, तिथं तिला खरा, बाजारातला ‘कडून’ भेटला: एजंटकडून पैसे, गिरणीकडून सूत, मामाकडून निरोप. त्या ‘कडून’ला ‘फ्रॉम’ म्हणतात. तिच्या डोक्यात मात्र माझा शाळेतला ‘कडून’ आधी बसलेला.

इथंही पहिल्या मेलचीच गोष्ट आहे. ‘मिळाले’ ह्या मराठी क्रियापदातच पैसे कुठल्या दिशेनं आले ते आहे. एजंटकडून मिळाले म्हणजे आम्हाला मिळाले, शंकाच नाही. ‘रिसीव्ह्ड’ला ती दिशा नाही. मागं ‘फ्रॉम’ आला तर देणारा, ‘बाय’ आला तर घेणारा. दोन अक्षरांच्या शब्दानं माणूस देणाऱ्याचा घेणारा होतो, आणि पैशाच्या व्यवहारात असा उलटा होणं म्हणजे काय, ते एजंटच्या तोंडून अण्णांनी ऐकलंच होतं.

गंमत अशी की खुद्द इंग्रजीतही एके काळी असंच होतं. ‘बाय’चा मूळ अर्थ नुसता ‘शेजारी, लगत’ एवढाच. आपल्या सिद्धेश्वर तलावाशी उभं राहिलं की तो दिसतो: भुईकोट किल्ला ‘बाय द लेक’, देऊळ मात्र तलावाच्या मधोमध, तिथं ‘बाय’ चालणार नाही, ‘इन द लेक’. कर्त्यासाठी जुनी इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि ‘ऑफ’चे पूर्वज वापरायची, म्हणजे जवळजवळ आपलं ‘कडून’च. १६११ च्या इंग्रजी बायबलात अजून ‘टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल’ असं आहे, सैतानाकडून मोहात पाडला गेलेला. ‘बाय’नं ती जागा हळूहळू बळकावली. तेव्हा ‘कडून’ला ‘फ्रॉम’ मानणारं मराठी डोकं काही अडाणी नाही, इंग्रज ज्या वाटेनं गेला तीच वाट आहे. उलट, मी शिकवलेली वाट आडवळणाची होती.

एवढं सगळं मी तेव्हा बोललो नाही. तेव्हा फक्त तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘ही चूक तुझी अर्धी, माझी अर्धी. आता माफीचा मेल लिहू.’

पाचवा मेल

तिनं आधीच लिहून ठेवला होता. पहिली ओळ: ‘द मिस्टेक वॉज हॅपन्ड बाय मी.’

‘माझ्याकडून चूक झाली.’ पुन्हा ‘कडून’, तिसऱ्या अंगाचा. हा मराठीतला मला फार आवडणारा प्रयोग आहे. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्याकडून कप फुटला’, दोन्हीत कप गेलाच, पण दुसऱ्यात हेतू नव्हता हे सांगून झालं. त्या मुलीला नेमकं तेच सांगायचं होतं: चूक झाली, मुद्दाम नाही. इंग्रजीत ही सोय ‘बाय मी’त मिळत नाही आणि ‘हॅपन’चा तर कर्मणी होतच नाही. ‘मिस्टेक’ला करणाराच लागतो, ‘आय मेड अ मिस्टेक’. मग ‘मुद्दाम नाही’ कुठं ठेवायचं? तिथं ‘बाय’ पुन्हा हजर होतो, वेगळ्या कपड्यात: ‘आय रोट इट बाय मिस्टेक.’ चुकून. ‘बाय चान्स’ योगायोगानं, ‘बाय हार्ट’ तोंडपाठ, ‘बाय हॅंड’ हातानं. मध्ये ‘द’ नाही, ‘अ’ नाही, ‘माय’ नाही.

‘हातानं’ म्हटल्यावर ‘नं’चा प्रश्न निघाला, आणि त्यावर आम्ही अर्धा तास घालवला, माफीचा मेल बाजूला राहिला. ‘रेल्वेनं आलो’ ‘बाय ट्रेन’. पण ‘सिद्धेश्वरनं आलो’ म्हणायचं तर ‘ऑन द सिद्धेश्वर एक्स्प्रेस’, कारण वाहनाचा प्रकार सांगितला तर ‘बाय’, नेमकं एक वाहन सांगितलं तर ‘ऑन’ किंवा ‘इन’. ‘अण्णांच्या गाडीनं’ म्हणजे ‘इन अण्णाज कार’. ‘कात्रीनं कापला’ ‘विथ सिझर्स’, कारण कात्री हत्यार आहे, तिला चालवणारा दुसरा कुणीतरी आहे. ‘बाय’ घातला की करणारा तोच होतो. दगडानं काच फुटली, हेच घ्या. ‘ब्रोकन बाय अ स्टोन’ म्हणजे दगड कुठून तरी येऊन आदळला. ‘ब्रोकन विथ अ स्टोन’ म्हणजे कुणीतरी हातात दगड घेतला होता. पोलिसात तक्रार द्यायची असेल तर शब्द नीट निवडावा. मुलगी पहिल्यांदा हसली ती इथं.

शेवटी मेल गेला. सहा ओळींचा. पैसे एजंटकडून आम्हाला मिळाले, ‘वी रिसीव्ह्ड द ॲडव्हान्स फ्रॉम युवर एजंट ऑन २२ फेब्रुवारी’. आधीच्या मेलमध्ये चुकून उलटं लिहिलं गेलं, त्याबद्दल आम्ही तुमची आणि त्यांची माफी मागतो. दुसरा लॉट ४७० जीएसएमचा, १५ मार्चला तयार. ‘वी’नं सुरुवात करायला मी लावली. कर्मणी प्रयोग जितका कमी तितका ‘बाय’ कमी, आणि धंद्याच्या पत्रात ‘आम्हाला’ मिळाले हे ठणकावून लिहिण्यात लाज नाही. एजंटला मात्र अण्णांनी मेल केला नाही. दुसऱ्या दिवशी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा घेऊन ते स्वतः मुंबईला गेले.

त्यानंतरचे दोन महिने मी तिचे मेल बघत होतो. ‘पर्यंत’ आलं की ती मराठी वाक्य कागदावर लिहायची, खाली ‘आत?’ असं लिहायची, आणि मगच टाइप करायची. ‘कडून’ आलं की एकच प्रश्न: शेवटी वस्तू कुणाकडं आहे? ‘नं’साठी तिनं स्वतःचं काही तरी ठरवलं होतं, मला सांगितलं नाही. मार्चमध्ये एकदा ‘द ट्रक विल वेट बाय ६’ गेलं. ट्रक थांबला नाही, पण तो ड्रायव्हरच्या मर्जीनं.

दुसरा लॉट १५ मार्चला तयार झाला. तो पॅक होत असताना मी सहज एक टॉवेल हातात घेतला. कोपऱ्यात शिवलेलं धुण्याच्या सूचनांचं लेबल, पाच मेलच्याही आधी जानेवारीत छापून आलेलं, सहा हजार नग. दुसरी ओळ: ‘वॉश बाय वॉर्म वॉटर.’ कोमट पाण्यानं धुवा.

मी लेबल अण्णांच्या पुढं धरलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मग पॅकिंगवाल्या पोराला हातानंच खूण केली, चालू दे.

‘जाऊ द्या ओ सर,’ म्हणाले, ‘हॉटेलात लोक टॉवेल अंग पुसायला घेतेत, वाचायला न्हाई.’